गिअरबॉक्स खाली घेण्याआधी

ससून डॉकवरून मासळी वाहणारा एक नाखवा गेल्या मे महिन्यात माझ्या भांडुपच्या गॅरेजवर आला. डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक, मागच्या हौद्यातून बर्फाचं पाणी अजून ठिबकत होतं. खाली उतरला, टायरवर एक लाथ घातली आणि म्हणाला, "मिस्त्री, गिअरबॉक्स गेला म्हणतात. तुम्ही एकदा बघा, मग कर्ज काढायचं का ते ठरवू."

"कोण म्हणतं?"

"दाखवली एका ठिकाणी. बॉनेट उघडलं, बंद केलं, आकडा सांगितला."

"गाडी चालवून बघितली का कोणी?"

"कोणी नाय."

"होतंय काय नेमकं?"

"साठ-पासष्टला हुडहुडी भरते तिला. ताप आल्यासारखी. जरा जास्त रेस दिली की जाते."

एवढं सांगितलं तिथेच माझं अर्धं काम झालं. ठरावीक वेग, हलकी रेस, थरथर, आणि रेस वाढवली की गायब. संशय टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागावर, जायलाच हवा. पण संशय आला म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायचा नसतो. मी एकदा उतरवलाय, ती फजिती पुढे सांगतो. आधी नाखव्याच्या गाडीवर काय काय केलं ते क्रमाने लिहितो. यातलं बरंचसं मालक स्वतः करू शकतो, निदान गॅरेजवाल्याला नेमके प्रश्न तरी विचारू शकतो.

मुंबईत पिकअप म्हटलं की दहातल्या नऊ वेळा हाताने गिअर टाकायचीच गाडी असते. ऑटोमॅटिक पिकअप म्हणजे इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, नाहीतर कुणीतरी हौसेने बाहेरून आणलेली एखादी. यांच्यात खरा टॉर्क कन्व्हर्टर असतो. छोट्या गाड्यांतल्या एएमटीमध्ये तो नसतो. तिथे साधी क्लच प्लेटच असते, फक्त ती दाबायला तुमच्या पायाऐवजी यंत्र असतं. 'माझ्या एएमटीचा कन्व्हर्टर बघा' म्हणून लोक येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

कन्व्हर्टर करतो काय? घरात आईला नाहीतर आजीला ताक घुसळताना पाहिलं असेल. रवी फिरते, ताक फिरतं, आणि भांडं पायात नीट धरलं नाही तर भांडंसुद्धा गरगरायला लागतं. रवी भांड्याला लागत नाही, मधलं ताकच त्याला ओढतं. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चक्र तेल फेकतं, त्याला पंप म्हणा. समोरचं चक्र, म्हणजे टर्बाइन, त्या तेलाने फिरतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतं. दोघांच्या मधे बसतो स्टेटर. माघारी येणाऱ्या तेलाला तो असं वळवतो की ते पंपाला अडवण्याऐवजी ढकलतं. त्यामुळे गाडी जागची उचलताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन चाकांकडे जातो. हा स्टेटर सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेला मोकळा फिरतो. तेलातून ओढत नेताना थोडी घसरण कायम राहते, आणि घसरण म्हणजे फुकट जाळलेलं डिझेल आणि उष्णता. म्हणून वेग स्थिरावला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू थेट एकमेकांना जखडतो. नाखव्याच्या गाडीची हुडहुडी या लॉक-अपच्या वेळेलाच भरत होती.

हत्याराला हात लावायच्या आधी मी चार गोष्टी विचारतो. गाडी थंड असताना होतं की गरम झाल्यावर? गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं, आणि कुठलं घातलं? गाडी पाण्यात गेली होती का? कधी टो झाली होती का? नाखव्याने पहिल्या प्रश्नाला 'गरम झाल्यावर' म्हटलं. दुसऱ्याला जरा थांबून म्हणाला, "दोन महिन्यांपूर्वी बदललं की. ते लाल असतं ना, तेच."

'लाल असतं ना, तेच' हे मी डोक्यात ठेवलं.

मग तेल बघितलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला एटीएफ म्हणतात, आणि त्याची लेव्हल इंजिन ऑइलसारखी सकाळी थंड गाडीवर बघून चालत नाही. ज्या गाडीला तेल मोजायची पट्टी आहे तिथे गाडी सपाटीवर लावायची, गिअरबॉक्स चांगला गरम करायचा, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवून परत पीमध्ये (पार्क) आणायचा, मग पट्टी काढायची. आजकाल बऱ्याच गाड्यांना पट्टीच नसते. खालून ओव्हरफ्लोचा नट उघडून लेव्हल लावावी लागते, तीही कंपनीने सांगितलेल्या तापमानाला. तेल गरम झालं की फुगतं. जास्त गरम असताना नट उघडलात तर जास्त तेल गळून जातं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. थंड असताना लेव्हल लावलीत तर जास्तीचं आत राहतं. हे काम अंदाजाने करणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

रंगावर मात्र फार भरोसा ठेवू नका. नवं तेल बहुतेक वेळा लाल असतं, वापरून वापरून विटकरी होतं, आणि ते काळसर झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. मी वास घेतो. करपलेला, नाकात जाणारा वास आला तर आतल्या प्लेटांचं लायनिंग जळतंय. मग एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकतो. चांगलं तेल पसरत जातं. घाण असेल तर मधे काळा ठिपका बसून राहतो आणि कडेला फिकट वर्तुळ उमटतं. गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उघडलाच तर त्यातल्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक लेप असणारच, तो रोजच्या झिजेचा आहे. त्या लेपात सुयांसारखे तुकडे किंवा ॲल्युमिनियमची चमचम दिसली तर मात्र आत काहीतरी धातूला धातू घासतोय.

तेलाचा गुलाबी, दुधाळ रंग दिसला की गाडी चालू करायची नाही, तिथेच थांबायचं. त्यात पाणी गेलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या पोटातल्या कूलरमधून थंड होऊन येतं. तो कूलर आतून फुटला की कूलंट तेलात मिसळतो आणि लॉक-अपच्या प्लेटवर लायनिंग ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो गोंदच सुटतो. मुंबईत दुसरी वाटही आहे. गिअरबॉक्सला हवा घ्यायला एक ब्रीदर असतो. धावून तापलेला गिअरबॉक्स हिंदमाताच्या नाहीतर मिलन सबवेच्या साचलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि त्या ब्रीदरमधून पाणी आत ओढते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका उस्तादाच्या हाताखाली होतो. पुढचे दोन महिने रोज एखादी तरी ऑटोमॅटिक गाडी यायची आणि चेंबरचा नट सैल केला की स्ट्रॉबेरी मिल्कशेक बाहेर. त्यातल्या काही लगेच धुऊन वाचल्या. मालकाने 'चालतेय की' म्हणून महिनाभर फिरवल्या त्या नाही वाचल्या.

नाखव्याचं तेल विटकरी होतं, करपलेलं नव्हतं, थेंबही बऱ्यापैकी पसरला. म्हणजे प्लेटा जळालेल्या नाहीत, निदान अजून तरी.

आता रस्ता. भांडुपला एलबीएस रोडवर तुम्हाला साठचा वेग मिळाला तर मला फोन करा. मी रविवारी सकाळी सहाला निघतो, ईस्टर्न एक्सप्रेसने छेडानगर, तिथून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड आणि मग फ्रीवे. आधी पंधरावीस मिनिटं गाडी चालवून गिअरबॉक्स गरम होऊ द्यायचा, कारण तेल थंड असेपर्यंत कॉम्प्युटर लॉक-अप लावतच नाही. थंड गाडी गल्लीत दोन चकरा मारून 'काही नाही हो' म्हणणारे मिस्त्री इथेच चुकतात.

फ्रीवेवर वेग पासष्टला धरला, रेसवरचा पाय हलका. गोवंडी सोडली आणि आलीच ती. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गाडी जावी तशी थरथर, दोन-तीन सेकंद. नाखवा बाजूला बसला होता, मला कोपराने ढोसून म्हणाला, "बघा, भरली."

सगळ्यात आधी चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, यांच्यावरचा संशय दूर करायचा. पिकअपला लांब, दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यांना क्रॉस आणि मधे सेंटर बेअरिंग. हे झिजले तरी गाडी थरथरते आणि लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात. मागेपुढे कोणी नाही बघून त्याच वेगाला लिव्हर क्षणभर एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलला, सरकवला. हे करताना हात घट्ट ठेवा आणि लिव्हर एनच्या पुढे जाऊ देऊ नका. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांत, टायरांत नाहीतर शाफ्टमध्ये. इथे ती पटकन गेली.

मग ब्रेकचा प्रयोग. उजवा पाय रेसवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, मागचे लाल दिवे लागतील इतकाच, गाडी अडेल इतका नाही. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने वर सरकतो आणि थरथर त्याच क्षणी थांबते. तसं झालं तर थरथरीचा लॉक-अपशी संबंध आहे. काही नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबले की कॉम्प्युटर रेसच तोडतो. तिथे हा प्रयोग सोडून द्या. आणि डाव्या पायाला ब्रेकची सवय नसेल तर आधी रिकाम्या मैदानात करून बघा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी स्वतः काचेवर नाक आपटून घेतलंय.

नाखव्याच्या गाडीचा काटा वर गेला, थरथर थांबली. पाय काढला, लॉक-अप लागला, परत थरथर. तीनदा केलं, तीनदा तेच.

आता माझी फजिती. २०१६ मध्ये एक डिझेल ऑटोमॅटिक जीप अशीच आली होती. पंचावन्नला थरथर, ब्रेकला पाय लावला की बंद. मी छाती फुगवून सांगितलं, कन्व्हर्टर. दोन दिवस लावून गिअरबॉक्स खाली घेतला, कन्व्हर्टर बदलला, सगळं बांधलं, फ्रीवेवर गेलो आणि अणिकच्या बोगद्याच्या तोंडाशीच तीच थरथर. इंजिनात डिझेल फवारणारं एक नोझल नीट मारत नव्हतं, मिसिंग होतं. लॉक-अप सुटलेला असतो तेव्हा इंजिनाचे हिसके मधलं तेल पिऊन टाकतं, आपल्याला काही कळत नाही. लॉक-अप लागला की इंजिन आणि चाकं एकाच दांड्यावर आल्यासारखी होतात आणि तेच हिसके थेट सीटपर्यंत येतात. म्हणजे ब्रेकच्या प्रयोगाने कन्व्हर्टरची थरथरही थांबते आणि मिसिंगची थरथरही. त्या मालकाकडून मी मजुरी घेतली नाही. कन्व्हर्टरचे पैसेही बरेचसे माझेच गेले.

तेव्हापासून स्कॅनर लावल्याशिवाय मी पाना उचलत नाही. आणि स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं नुसतं यंत्र नव्हे. कोड आहेत: पी०७४० ते पी०७४४ हे सगळे लॉक-अपचे. पी०७४१ म्हणजे लॉक-अप लागायला हवा तेव्हा नीट लागत नाही, पी०७४२ म्हणजे सुटायला हवा तेव्हा सुटत नाही, पी०७४३ म्हणजे त्याच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, जोडणीत गडबड. पण पी०७४१ आला म्हणजे कन्व्हर्टरच गेला असा अर्थ नाही. घाण तेल, अडकलेला सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडीतला (तेलाच्या वाटा उघडबंद करणारा भाग) झिजलेला व्हॉल्व्ह, यातलं काहीही तोच कोड देतं. कोड गल्ली सांगतो, घर तुम्हाला शोधावं लागतं. आणि सुरुवातीच्या थरथरीला बहुतेक वेळा कोडच येत नाही. नाखव्याच्या गाडीला नव्हता.

चालत्या गाडीत मी तीन आकडे एकाच वेळी पडद्यावर घेतो: इंजिनाचा आरपीएम, टर्बाइनचा आरपीएम (काही स्कॅनर त्याला इनपुट स्पीड म्हणतात), आणि लॉक-अपला कॉम्प्युटरने दिलेला हुकूम. पहिल्या दोघांतला फरक म्हणजे घसरण. लॉक-अप पूर्ण लावायचा हुकूम असताना हा फरक जवळजवळ शून्य हवा. काही गिअरबॉक्स मुद्दाम थोडी घसरण ठेवतात, तीसचाळीस आरपीएमची, म्हणजे गाडी मऊ चालते. ती स्थिर असेल तर दोष मानू नका. थरथर सुरू असताना त्या आकड्याकडे बघायचं. आकडा उड्या मारतोय, दहा, नव्वद, वीस, एकशेवीस, तर क्लच पकडतोय-सोडतोय-पकडतोय, दोष लॉक-अपकडे. गाडी थरथरतेय पण घसरणीचा आकडा शांत बसलाय, तर क्लच घट्ट आहे आणि हिसके इंजिनातून येतायत. मग नोझलांकडे वळा. २०१६ ला मी हा आकडा बघितला असता तर दोन दिवस वाचले असते.

गाडी चालवणाऱ्याने पडदा बघायचा नाही. माझा पुतण्या मागे बसून आकडे ओरडतो, मी रस्ता बघतो. नाखव्याच्या गाडीला तो ओरडला, "काका, पंधरा... एकशेदहा... चाळीस... नव्वद!" म्हणजे कन्व्हर्टरच, नक्की.

हुकूमाच्या आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. कधी कधी हायवेवरही लॉक-अप लागतच नाही, काटा नेहमीपेक्षा दोनशे वर, डिझेल जास्त पितेय, आणि हुकूमच नाही. तेव्हा गिअरबॉक्सला दोष देण्याआधी इंजिनाचं तापमान बघा. आपल्याकडे 'गाडी गरम होते' म्हटलं की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून द्यायची जुनी खोड आहे. मग इंजिन नीट तापतच नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे, लॉक-अप नको. अशी एक गाडी मी शंभरेक रुपयांच्या पॅकिंगसकट एक थर्मोस्टॅट बसवून परत पाठवली होती.

बोगद्यात काचा खाली करून कान द्यायला विसरू नका. भिंतीवरून परतणारा आवाज गॅरेजमध्ये ऐकू येत नाही असं बरंच काही सांगतो. आवाजाची खरी तपासणी मात्र उभ्या गाडीत करायची. इंजिन चालू, ब्रेक घट्ट, लिव्हर एनमधून डीमध्ये (ड्राइव्ह). डीमध्ये टाकल्यावर बारीक कुरकुर किंवा शीळ सुरू झाली आणि एनमध्ये थांबली, तर कन्व्हर्टरच्या आतल्या बेअरिंगवर संशय. उभ्या गाडीत डी टाकला की टर्बाइन थांबलेला असतो आणि पंप फिरत असतो, त्यामुळे मधलं बेअरिंग तेव्हाच भाराखाली फिरतं. आवाज पी, एन, डी सगळीकडे सारखा आणि रेसबरोबर वाढत असेल तर गिअरबॉक्सच्या तेलपंपाकडे किंवा फिल्टरकडे बघा. ठकठक असेल तर खालचं झाकण काढून फ्लेक्सप्लेट, म्हणजे कन्व्हर्टर इंजिनाला जोडणारी चकती, बॅटरीच्या उजेडात पूर्ण फिरवून बघा. तिला तडा गेला किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट सैल झाले की आवाज थेट इंजिनाच्या बेअरिंगसारखा येतो. मी एक असं इंजिन पाहिलंय जे उगाच उघडलं गेलं होतं.

स्टेटरचा एकदिशा क्लच बिघडला तर त्याच्या दोन तऱ्हा. दोन्ही बाजूंना मोकळा फिरायला लागला तर गाडी जागची उचलत नाही, भरलेल्या गाडीने फ्लायओव्हर चढताना जीव जातो, पण एकदा वेग आला की ठीक चालते. जाम झाला तर उलटं: निघताना झकास, वर वेग घेताना अडते आणि तापते. पहिली तऱ्हा आणि कमजोर टर्बो यांची लक्षणं बरीच सारखी, म्हणून इंजिन आधी बघा.

यासाठी स्टॉल टेस्ट नावाची चाचणी आहे. तेल गरम, चारही चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावलेले, हँडब्रेक ओढलेला, डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबलेला, डीमध्ये रेस पूर्ण दाबून काटा कुठे थांबतो ते बघायचं. जास्तीत जास्त पाच सेकंद, कारण तेवढ्या वेळात इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं तेल तापवण्यात जाते. मग एनमध्ये किमान एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं. आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तर स्टेटर किंवा कमजोर इंजिन, बराच जास्त आला तर गिअरबॉक्सच्या प्लेटा घसरतायत किंवा तेल कमी आहे. पुस्तकातला आकडा हातात नसेल तर ही चाचणी करण्यात काही अर्थ नाही. आणि भांडुपच्या गल्लीत, समोर शाळेतून सुटलेली पोरं असताना तर नाहीच. खरं सांगायचं तर गेल्या पाच वर्षांत मी ती दोनदाच केलीय.

दोन लक्षणं सोपी आहेत, ती पटकन सांगतो. सिग्नलला गाडी थांबता थांबता इंजिन बंद पडतं, जणू कोणी क्लच न दाबता ब्रेक मारला, तर लॉक-अप सुटत नाहीये. सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी आधी बघा, कन्व्हर्टर नंतर. आणि सकाळी पहिल्यांदा डी टाकला की गाडी दोन-चार सेकंद हलतच नाही, तर आधी तेलाची लेव्हल. लेव्हल बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी सुरू करून अर्धा मिनिट पीमध्ये थांबा, मग डी टाका. लगेच चालली तर रात्रभरात कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतंय. एवढ्यासाठी कोणी गिअरबॉक्स उघडायला लागलं तर त्याला थांबवा.

गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागला तर काय? तेलात लायनिंगचा चुरा सापडला, बेअरिंग वाजतंय, किंवा घसरणीचा आकडा योग्य तेल घालूनही उड्या मारतोय, तर इलाज नाही. कन्व्हर्टर लेथवर कापून, लायनिंग बदलून, परत वेल्ड आणि बॅलन्स करून देणारे लोक आहेत. चांगला कारागीर असेल तर माझी हरकत नाही. कुर्ल्याच्या भंगारातला, कुठल्या बुडालेल्या गाडीचा ते माहीत नसलेला कन्व्हर्टर बसवण्यापेक्षा बरा. मालकाने दोन गोष्टी उभं राहून बघाव्यात. पहिली, कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या का, नाहीतर जुना चुरा पहिल्या दिवशीच नव्या कन्व्हर्टरमध्ये. दुसरी, कन्व्हर्टर पूर्ण आत बसला का. तो हाताने फिरवत ढकलला की खटक, खटक करत टप्प्याटप्प्याने आत जातो, आणि शेवटच्या खटक्याला त्याची मान तेलपंपाच्या खाचेत बसते. घाईत तो शेवटचा खटका राहतो आणि मिस्त्री बेल हाउसिंगचे, म्हणजे कन्व्हर्टरवरच्या कवचाचे, बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतो. तेलपंप तिथेच फुटतो. बेल हाउसिंगवर पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती आत गेलाय ते मोजायला मिनिटही लागत नाही.

तेलपंप कन्व्हर्टरच्या मानेवर चालतो, याचा आणखी एक अर्थ: इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. म्हणून ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. आणि पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर फिरवत टो केलीत तर आतले भाग कोरडे घासतात. ज्या पिकअपच्या मागच्या चाकांना ताकद जाते ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. नो-पार्किंगमधून उचलली गेली असेल तर सोडवायला गेल्यावर ती कशी आणली तेही विचारून घ्या.

नाखव्याच्या गाडीला यातलं काही लागलं नाही. एटीएफमध्ये घर्षण नेमकं ठेवणारी रसायनं असतात, आणि लॉक-अपचं लायनिंग एका विशिष्ट तेलासाठीच जुळवलेलं असतं. 'लाल असतं ना, तेच' ते तेल दुसऱ्याच जातीचं होतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल आणलं. खालचा नट उघडून तेल बदललं तरी अर्ध्याहून जास्त जुनं तेल कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं, म्हणून तीनदा बदललं, मधे दोनदोन दिवस त्याला गाडी डॉकवर नेऊ दिली. पहिल्या वेळी थरथर अर्धी झाली, दुसऱ्या वेळी फक्त ईस्टर्न एक्सप्रेसवर दुपारच्या उन्हात, तिसऱ्या वेळी नाही. पुतण्याने मागे बसून आकडे वाचले: बारा, पंधरा, बारा, दहा.

"म्हणजे कर्ज नको?" नाखवा म्हणाला.

"सहा महिन्यांनी परत आणा, परत बघू. परत आली थरथर तर मग मात्र खाली घ्यावा लागेल."

बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी टेप लावली, तारीख आणि किलोमीटर लिहिले, तेलाचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: दुसरं कुठलंही लाल तेल घालू नये.